दूरचित्रवाणीचा प्रवाह उघडून पाहताना

देवळाली कॅम्पात तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक टीव्हीवर बोलणार म्हटल्यावर काहींना वाटलं असेल, की मालिकांनी कुटुंबव्यवस्था कशी बिघडवली हे आज ऐकायला मिळणार. त्यांची निराशा होईल. आम्ही आज कार्यक्रमांबद्दल बोलणार नाही. पडद्यावर चित्र उमटण्याआधी जे आकड्यांचं ओझं आपल्या छतावरून, केबलमधून घरात येतं, त्याची रचना कशी असते आणि संगणकावर ती उघडून कशी पाहता येते, एवढाच विषय आहे.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. रिमोटवर चॅनल बदललं की पडदा क्षणभर काळा राहतो. कधी एक सेकंद, कधी दोन-तीन. पूर्वीच्या टीव्हीत असं होत नसे. बटण फिरवलं की चित्र हजर. यंत्र सुधारलं आणि वाट पाहणं मात्र वाढलं, हे कसं?

पूर्वीचं प्रक्षेपण ॲनालॉग होतं. ॲन्टेना वाऱ्याने हलला की पडद्यावर 'मुंग्या' यायच्या. मुंग्या थोड्या असल्या तर चित्र दिसायचं, जास्त झाल्या तर पुसट व्हायचं. म्हणजे दोष किती आहे, हे डोळ्यांना कळत होतं. गच्चीवरून एकाने ओरडायचं, 'आलं का?' आणि खालून दुसऱ्याने, 'थोडं डावीकडे!' आता तसं राहिलं नाही. केबलचं डिजिटलीकरण मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सक्तीचं झालं आणि दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत, ज्यात नाशिकही होतं, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. दूरदर्शनची फ्री डिश तर त्याआधीपासून, डिसेंबर २००४ पासून, 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने चालू होती. डिजिटल चित्र एकतर स्वच्छ असतं, नाहीतर चौकोनांत फुटतं, नाहीतर नसतंच. मधली अवस्था अगदी अरुंद. त्यामुळे दोष कुठे आहे हे नुसतं पाहून सांगता येत नाही. केबलवाला म्हणतो, 'वरूनच खराब येतंय.' वरचे म्हणतात, 'आमच्याकडे सगळं ठीक आहे, बॉक्स बदला.' या दोघांच्या मध्ये प्रेक्षक. त्याच्या हातात काही पुरावा असू शकतो का, यासाठी हा सगळा खटाटोप.

आता रचना पाहू. साध्या दर्जाचं चित्र कसलीही काटछाट न करता आकड्यांत मांडलं तर सेकंदाला २७ कोटी बिट लागतात. एवढं कोण वाहून नेणार? म्हणून ते दाबून, आवळून सेकंदाला काही लाख ते तीस-चाळीस लाख बिटांवर आणतात. अशी अनेक चॅनलं एकत्र करून एकच प्रवाह तयार होतो. याला ट्रान्सपोर्ट स्ट्रीम म्हणतात. त्याचं प्रमाण १९९५ पासून आहे आणि अजून तेच चालतं.

या प्रवाहाची कल्पना यायला आपल्या देवळाली स्टेशनवरून जाणारी मालगाडी आठवा. सगळे डबे एकाच मापाचे. पण एका डब्यात कांदा, पुढच्यात सिमेंट, पुढच्यात परत कांदा, मध्येच एखादा रिकामा. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: हा माल अमक्याचा. मुक्कामाला पोचल्यावर ज्याने त्याने आपल्या चिठ्ठीचे डबे काढून घ्यायचे. प्रवाहातल्या डब्याला पॅकेट म्हणतात, प्रत्येक पॅकेट बरोबर १८८ बाइटचं, आणि चिठ्ठीवरच्या आकड्याला पीआयडी. हा आकडा ० ते ८१९१ यांपैकी काहीही असतो. सेकंदाला ३ कोटी बिट वाहणाऱ्या प्रवाहात साधारण २० हजार पॅकेटं एका सेकंदात निघून जातात. एका चॅनलचं चित्र एका पीआयडीवर, आवाज दुसऱ्यावर, आणि शेजारच्या चॅनलची पॅकेटं यांच्यात मिसळलेली.

१८८ हा आकडा असा विचित्र का, असं कोणी विचारेल. प्रमाण ठरलं तेव्हा टेलिफोनच्या जगात एटीएम नावाच्या जाळ्याचा बोलबाला होता (बँकेतलं एटीएम नव्हे). त्या जाळ्याच्या एका कप्प्यात एका पद्धतीने ४७ बाइट माल बसायचा. चार कप्पे भरले की १८८. ते जाळं मागे पडलं, आकडा राहिला. रूढींचं असंच असतं, पण तो दुसरा विषय आहे.

प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट ठरलेला असतो: ७१. संगणकाच्या लिपीत ७१ म्हणजे रोमन 'जी' हे अक्षर. फाइल उघडून कच्चा मजकूर पाहिला तर दर १८८ बाइटांनी एक 'जी' दिसतो. पण हा 'जी' चित्राच्या मजकुरातही योगायोगाने येऊ शकतो. मग पॅकेट कुठे सुरू होतं हे प्रोग्रॅमला कसं कळतं? तो एक 'जी' शोधतो, १८८ बाइट पुढे उडी मारतो, तिथे 'जी' आहे का पाहतो, परत उडी मारतो. सलग पाच वेळा सापडला की मानतो, की ताल जमला. आमच्या विषयात याला भूयोदर्शन म्हणतात. एकदा स्वयंपाकघरात धूर आणि विस्तव एकत्र दिसला म्हणून व्याप्ती सिद्ध होत नाही. पुन्हा पुन्हा दिसावं लागतं.

हे घरी पाहायचं तर काय लागतं? फ्री डिशची छत्री बऱ्याच घरांवर आहे. जीसॅट-१५ हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे, म्हणून देवळालीतली छत्री आग्नेयेकडे, सुमारे ५८ अंश वर तोंड करून असते. त्या छत्रीची वायर संगणकाला जोडता येईल असा उपग्रह-ट्यूनर मिळतो. तो एका ट्रान्सपॉन्डरवर लावायचा आणि येणारा प्रवाह जसाच्या तसा फाइलमध्ये उतरवायचा. सेकंदाला ३ कोटी बिट असतील तर एका मिनिटाची फाइल सव्वादोनशे एमबीच्या आसपास होते, म्हणून तासन् तास नको, दोन-तीन मिनिटं पुरेत. मग ती फाइल उघडायची. व्हीएलसी तुमच्यापैकी बहुतेकांकडे असेल; त्यात कोडेकची माहिती पाहिली तरी कोणत्या चॅनलमध्ये कोणते धागे आहेत हे दिसतं. त्याहून खोल जायचं तर 'डीव्हीबी इन्स्पेक्टर' आणि 'टीएसडक' हे दोन प्रोग्रॅम आहेत, दोन्ही मोफत आणि खुल्या स्रोताचे. पहिल्यात डावीकडे झाडासारखी रचना उघडत जाते, फांदीवर टिचकी मारली की उजवीकडे तिचा तपशील. नवख्याने इथूनच सुरुवात करावी. दुसरा आज्ञा टाइप करून चालवायचा असतो, आणि त्याचा अहवाल फार नेटका असतो.

झाड उघडल्यावर पहिली गोष्ट दिसते ती कोष्टकं. हा प्रवाह स्वतःचं वर्णन स्वतःबरोबर घेऊन फिरतो. शून्य क्रमांकाच्या पीआयडीवर नेहमी एकच कोष्टक असतं, त्याला पॅट म्हणतात. त्यात एवढंच लिहिलेलं असतं: या प्रवाहात अमुक क्रमांकाचे कार्यक्रम आहेत, आणि प्रत्येकाचं पुढचं कोष्टक अमुक पीआयडीवर सापडेल. त्या पुढच्या कोष्टकाला पीएमटी म्हणतात. तिथे त्या चॅनलचे धागे लिहिलेले असतात: चित्र कुठे, आवाज कुठे, घड्याळ कुठे. धाग्याचा प्रकारही आकड्यात असतो. २ म्हणजे जुन्या एमपेग-२ पद्धतीचं चित्र, २७ म्हणजे त्यानंतरच्या एच.२६४ पद्धतीचं. फ्री डिशवर दोन्ही प्रकारची चॅनलं आहेत. जुन्या बॉक्सला प्रक्षेपणाची नवी पद्धत कळत नसेल तर तो ट्रान्सपॉन्डरच त्याच्या लेखी नसतो. प्रक्षेपण कळलं पण चित्र उलगडता आलं नाही, तर चॅनलचं नाव येतं, आवाज येतो, पडदा काळा. घरात बिचारे वायरी हलवत बसतात, आणि कारण त्या एका २७ मध्ये असतं.

आता मघाचा काळा पडदा. चॅनल बदललं की बॉक्स आधी ट्यूनर हलवतो, मग ताल पकडतो, मग पॅटची वाट पाहतो, मग पीएमटीची. ही दोन्ही कोष्टकं निदान अर्ध्या सेकंदात एकदा यावीत असा संकेत आहे. ती मिळाली की चित्राची पॅकेटं वेचायला लागतो, तरी चित्र दाखवता येत नाही! कारण आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं असली तरी त्यांतलं प्रत्येक पूर्ण पाठवत नाहीत. एक पूर्ण चित्र, आणि पुढच्या बऱ्याच चित्रांसाठी फक्त 'मागच्यापेक्षा एवढं बदललं' असा निरोप. आपण गोष्टीच्या मध्यात शिरलो तर 'एवढं बदललं' या निरोपाला अर्थ नसतो. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत थांबावं लागतं. ते साधारण अर्ध्या ते दोन सेकंदांनी येतं. पूर्ण चित्रं वरचेवर पाठवली तर पडदा लवकर उजळेल, पण तेवढं ओझं वाढेल. म्हणजे आपला तो सेकंद कोणीतरी हिशोबाने ठरवलेला असतो. डीव्हीबी इन्स्पेक्टरमध्ये दोन पूर्ण चित्रांतलं अंतर मोजता येतं. दोन चॅनलांचं मोजून पाहा, फरक दिसेल.

वाट पाहण्याचं या गावाला वावडं नसावं. १८६१ पासून इथे इंग्रज फौजेचा ट्रान्झिट कॅम्प होता, आणि मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहून शिपायांचं डोकं फिरायचं म्हणून 'डूलॅली टॅप' असा शब्दच इंग्रजीत गेला. डूलॅली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप.

आमच्या दृष्टीने सगळ्यांत मनोरंजक गोष्ट पुढे आहे. पॅटमध्ये किंवा पीएमटीमध्ये चॅनलचं नाव नसतं. तिथे फक्त क्रमांक. नाव वेगळ्या कोष्टकात, पीआयडी १७ वर येतं. म्हणजे वस्तू असणं एकीकडे आणि तिला नाव असणं दुसरीकडे. कार्यक्रम वाहतोय पण नावाची नोंद नाही, असं होऊ शकतं. आणि नाव यादीत झळकतंय पण खाली धागेच नाहीत, असंही. बंद झालेल्या चॅनलचं नाव बॉक्सवर रेंगाळतं ते बहुधा यामुळेच. तुम्हाला पांडवलेणी माहीत आहेत. नाव पांडवांचं. आत जाऊन शिलालेख वाचले तर पांडवांचा पत्ता नाही. ती बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली लेणी, दान देणारे सातवाहन, क्षत्रप आणि त्या काळचे गृहस्थ, आणि डोंगराचं नाव त्रिरश्मी. लोकांनी दिलेलं नाव खोटं असं आम्ही म्हणणार नाही, पण त्यावरून आत काय आहे हे कळत नाही. प्रवाहाचंही तसंच: बॉक्सवर दिसतं ते नाव, आणि आत कोरलेलं असतं ते पीएमटीत.

आणखी एक पीआयडी गमतीचा आहे, शेवटचा, ८१९१. याची पॅकेटं रिकामी असतात. प्रवाहाचा वेग कायम ठेवावा लागतो, माल कमी पडला तर रिकामे डबे जोडतात. पुढच्या काळातल्या वैशेषिकांनी अभाव हा सातवा पदार्थ मानला, त्यावर आम्ही वर्षानुवर्षं वर्गात डोकेफोड केली; इथे तो क्रमांक लावून गाडीला जोडलेला पाहून बरं वाटलं.

आता दोष कुठे, या प्रश्नाकडे येऊ. प्रत्येक पॅकेटवर चार बिटांची एक मोजणी असते. एका पीआयडीची पॅकेटं ०, १, २ असं करत १५ पर्यंत जातात आणि परत ० पासून. ७ नंतर एकदम १० आला तर मधली दोन हरवली, हे प्रोग्रॅमला कळतं आणि तो लाल खूण करतो. (नेमकी १६ हरवली तर मोजणीला पत्ताही लागत नाही, हा त्यातला मासलेवाईक दोष.) टीएसडकच्या अहवालात प्रत्येक पीआयडीसमोर अशा तुटींची संख्या मिळते.

आता आपली जुनी पद्धत वापरायची: अन्वय आणि व्यतिरेक. कारण असेल तिथे कार्य आहे का, आणि कारण नसेल तिथे कार्य नाही ना? पावसाळ्यात, जोराची सर असताना दोन मिनिटं प्रवाह उतरवा. फ्री डिश ज्या कू-बँडवर आहे, त्या लहरींना पाऊस अडवतो. तुटी दिसतील, आणि त्या एका चॅनलवर नसतील. माल वाहणाऱ्या सगळ्या पीआयडींवर एकाच क्षणी पसरलेल्या असतील. सर ओसरल्यावर पुन्हा उतरवा. तुटी गेल्या असतील तर कारण वाटेत होतं, पाऊस. पाऊस नसतानाही सगळीकडे तुटी असतील तर वाटेतलंच दुसरं काही पाहा: छत्री हललेली, एलएनबीत पाणी, वायरीचा जोड गंजलेला. पण एकाच चॅनलचं चित्र फुटतंय आणि त्याच ट्रान्सपॉन्डरवरच्या बाकी दहा-बारा चॅनलांवर एकही तूट नाही, तर तुमच्या छत्रीचा काय संबंध? पावसाला चॅनल निवडता येत नाही. दोष सगळे एकत्र होण्याआधीचा, म्हणजे त्या चॅनलच्याच बाजूचा.

यात एक खाच आहे आणि ती नीट समजून घ्या, कारण इथेच वाद होतात. चित्र फुटतंय, पण मोजणी मात्र ०, १, २, ३ अशी निर्दोष, असंही होतं. केबलच्या नियंत्रण कक्षात येणारं चॅनल उलगडून पुन्हा आवळलं जातं तेव्हा पॅकेटांना नवी मोजणी मिळते. आधी काही हरवलं असेल, तर ते फुटकं चित्र आता नव्या, स्वच्छ क्रमांकांत बांधलेलं असतं. तेव्हा 'तुटी शून्य' याचा अर्थ 'दोष नाही' असा करायचा नाही. मोजणी पडली त्या जागेनंतर काही हरवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आम्हाला स्वतःला एका चॅनलबाबत असंच दिसलं होतं. बॉक्स बदला असा सल्ला दोनदा मिळाला, आणि अहवालात तुटी एकही नव्हती. बॉक्स बदलून काही होणार नाही हे त्यावरून आधीच सांगता येत होतं.

कुलूपबंद चॅनलांबद्दल कोणीतरी विचारेलच. पॅकेटच्या माथ्यावर दोन बिट असतात, दोन्ही शून्य असले तर माल उघडा, नाहीतर कुलूप. कुलूप मालाला असतं, चिठ्ठीला नाही. त्यामुळे पैसे भरून पाहायच्या चॅनलाचीही रचना, पीआयडी, तुटी, वेग हे सगळं वाचता येतं. चित्र दिसत नाही. चिठ्ठी वाचणं आणि कुलूप फोडणं यांत फरक आहे. दुसरी गोष्ट गुन्हा आहे, आणि त्यासाठी कोणी आमच्याकडे येऊ नये.

शेवटचा भाग आपल्या भाषेचा आहे, आणि आमचा जीव खरा इथे गुंतलाय. पीएमटीमध्ये आवाजाच्या प्रत्येक धाग्याला भाषेची खूण असते, तीन रोमन अक्षरांची. मराठीची खूण एम-ए-आर. म्हणजे जगाने आपल्याला 'मार' दिलाय! एका चित्राबरोबर तीन-चार भाषांचे आवाज असतात तेव्हा बॉक्स ही खूण पाहूनच 'आवडती भाषा' निवडतो. खूण चुकीची असली तर मराठी आवाज प्रवाहात असूनही बॉक्सला सापडत नाही. एम-ए-एल लिहिलं तर मल्याळम, एम-ए-आय लिहिलं तर मैथिली, आणि महाराष्ट्र मनात धरून कोणी एम-ए-एच लिहिलं तर पॅसिफिक महासागरातल्या मार्शल बेटांची भाषा. तुम्ही उतरवलेल्या फाइलीत हे रकाने जरूर पाहा. उद्या कोणी यंत्राने मोजायला बसलं, की मराठीत किती तास प्रक्षेपण झालं, तर ते यंत्र कान लावून ऐकणार नाही, खुणाच मोजेल.

लिपीची कथा तर आणखी बोलकी. चॅनलचं नाव किंवा कार्यक्रमाची माहिती लिहिताना पहिला बाइट लिपी सांगतो. १ म्हणजे सिरिलिक, २ अरबी, ३ ग्रीक, ४ हिब्रू, ७ थाई. या खुणा ८८५९ नावाच्या आंतरराष्ट्रीय अक्षरसंचांवरून आल्या. त्या मालिकेतला बारावा भाग देवनागरीसाठी करायचं चाललं होतं. १९९७ मध्ये ते काम सोडून दिलं गेलं. म्हणून दूरचित्रवाणीच्या यादीत ७ आहे, ९ आहे, आणि मधला ८ राखीव म्हणून रिकामा. तिथे आपली लिपी बसली असती. आम्हाला विचाराल तर ते काम सोडलं याचं फार दुःख करू नये. आपली जोडाक्षरं एका बाइटाच्या चौकटीत नीट मावली नसती, आणि आता २१ ही खूण दिली की युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ ने, कोणतीही लिपी लिहिता येते. वाट मोकळी आहे. तरी आपल्या बॉक्सवर मराठी चॅनलांची नावं बहुतेक रोमन लिपीतच दिसतात. कारण नाव पाठवणाऱ्याने २१ लिहायला हवं, आणि बॉक्समध्ये देवनागरी अक्षरं जोडून दाखवण्याची सोय हवी. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. यातला पहिला भाग तरी आपल्याला तपासता येतो: नावाचा पहिला बाइट काय आहे, हे झाडात दिसतं.

एक चिठ्ठी आली आहे: फोनवर जे टीव्ही पाहतो त्यातही हे असतं का? बऱ्याच ठिकाणी असतं. इंटरनेटवरून येणारं थेट प्रक्षेपण काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, आणि ते तुकडे पुष्कळदा याच १८८ बाइटांच्या पॅकेटांचे बनलेले असतात. काही सेवा आता दुसऱ्या पद्धतीचे तुकडे वापरतात, तिथे हे प्रोग्रॅम लागू पडत नाहीत.

दुसरी चिठ्ठी: तक्रार करताना काय लिहायचं? तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत, ट्रान्सपॉन्डरची फ्रीक्वेन्सी, चॅनलचा कार्यक्रम-क्रमांक, चित्राचा आणि आवाजाचा पीआयडी, प्रत्येकावरच्या तुटी, त्याच वेळी शेजारच्या चॅनलांवरच्या तुटी, आणि पाऊस होता की नव्हता. दोन मिनिटांची फाइल जपून ठेवा, मागितली तर द्यायला. ज्यांना फाइल उतरवून पाहायची आहे, त्यांच्यासाठी मागच्या टेबलावर संगणक लावून ठेवलाय. छत्रीची वायर खिडकीतून आत घेतली आहे, तेवढी पायात येऊ देऊ नका.